विशेष मुलाची दिवसभराची देखभाल : माणूस कुठे शोधावा आणि खर्च कसा पेलावा

प्रश्न फोंडा तालुक्यातील एका आईचा आहे. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा न राहण्याची अवस्था, आहे. तो आधाराशिवाय बसू शकत नाही, मऊ अन्नच गिळू शकतो, बोलतो थोडे पण त्याला समजते पुष्कळ, आणि अधूनमधून त्याला आकडी येते. सोमवार ते शुक्रवार तो विशेष शाळेत जातो आणि शाळा दुपारी एक वाजता सुटते. आई वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत आठवड्याचे सहा दिवस कामाला आहेत. पावणेआठला कंपनीची बस पकडून त्या सव्वासहाला घरी पोहोचतात. वडील बोटीवर असतात. आजवर दुपारनंतर मुलाला सासूबाई सांभाळत होत्या, परंतु त्यांच्या गुडघ्यांमुळे आता त्यांना त्याला उचलता येत नाही. जवळच्या पाळणाघरांनी मुलाला घेण्यास नकार दिला आहे. नोकरी सोडावी का, माणूस मिळेल तर कुठे मिळेल आणि त्याच्या पगाराची तजवीज कशी करावी, असे त्यांनी विचारले आहे.

विशेष मुलांच्या कुटुंबांसोबत समाजकार्यकर्ती म्हणून गोव्यात दीर्घकाळ काम करताना हा प्रश्न मी अनेक घरांतून ऐकला आहे. नोकरीबद्दल आधी सांगते, कारण बहुतेक घरांत हा निर्णय घाईने आणि थकव्याच्या भरात घेतला जातो. खालील सगळा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय राजीनामा देऊ नका. पगारासोबत भविष्य निर्वाह निधी जातो, आणि तुमचे वेतन महिना २१,००० रुपयांच्या मर्यादेत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेखाली तुमच्या मुलाला मिळणारे उपचारही जातात. शिवाय वडील बोटीवर असताना कंत्राट संपले किंवा लांबले, तर घरात दर महिन्याला नक्की येणारे उत्पन्न तुमचेच असते. ज्या आईला मुलाजवळ राहावेसे वाटते तिने अवश्य राहावे. मात्र सांभाळायला दुसरे कोणीच मिळणार नाही, असे गृहीत धरून नोकरी सोडू नये.

माणूस शोधण्यापूर्वी तास मोजावेत. तुमच्या बाबतीत शाळेच्या दिवशी दुपारी एक ते सव्वासहा असा सव्वापाच तासांचा वेळ उघडा पडतो. सकाळी तुम्ही निघाल्यापासून शाळेची गाडी येईपर्यंतचा वेळ सासूबाई सांभाळू शकतील, कारण तेव्हा मुलगा तयार होऊन खुर्चीत बसलेला असेल आणि त्याला उचलून गाडीत ठेवण्याचे काम गाडीच्या मदतनिसाकडून करवून घेता येते. शनिवारी शाळा नाही आणि तुम्हाला काम आहे, म्हणजे त्या दिवशी पूर्ण साडेदहा तास. आठवड्याला हे सुमारे ३७ तास होतात आणि महिन्याला सुमारे १६०. याखेरीज सुट्ट्या धरायला हव्यात. गोव्यात चतुर्थीच्या दिवसांत शाळा बंद असते आणि नेमक्या त्याच दिवसांत सांभाळणारी बाई आपल्या मूळ घरी जाते. दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांचेही तसेच आहे. मुलाच्या आजारपणाचे दिवस वेगळे. हा वार्षिक ताळेबंद आधी मांडला नाही, तर जून महिन्यात सुरळीत चाललेली व्यवस्था चतुर्थीला कोलमडते, आणि मग दोष बाईला दिला जातो.

तासांच्या शेजारी कामे लिहावीत. उचलणे, भरवणे, शी-शू, औषधाची वेळ, आकडी आल्यास काय करायचे, व्यायाम, खेळ. या यादीकडे पाहिले की तुमच्या घरात एकच काम खरोखर अडलेले आहे हे दिसते, आणि ते म्हणजे उचलणे. सासूबाईंना मुलगा कळतो, त्याची भूक आणि त्याचा कंटाळा कळतो. त्या त्याला उचलू शकत नाहीत, एवढेच. म्हणून माझा पहिला खर्चाचा सल्ला पगाराचा नसून साधनांचा आहे. मुलाच्या मापाची, मान आणि कंबर धरून ठेवणारी, पुढे फळी असलेली चाकांची खुर्ची, न्हाणीघरासाठी आधाराची खुर्ची आणि जमिनीवरच्या गादीऐवजी कमरेच्या उंचीची खाट या तीन गोष्टी घरात आल्या की दिवसातून अनेकदा होणारी उचल दोन-तीन वेळांवर येते. त्याचा दुसरा फायदा अधिक मोठा आहे: ज्या कामासाठी पूर्वी ताकदवान माणूस लागत होता, ते काम आता गावातली पन्नाशीची एखादी शांत, समजूतदार बाईही करू शकते आणि तुमची निवड रुंदावते. अशी साधने केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर मोफत किंवा सवलतीत मिळतात. त्यासाठी शाळेतील किंवा रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टकडून मुलाचे माप घेऊन लेखी शिफारस मिळवावी. शिबिरात मिळणारी सरसकट मापाची खुर्ची पाठीचा कणा वाकलेल्या मुलाला उपयोगाची नसते, ती केवळ मिळते आहे म्हणून स्वीकारू नये.

आता माणसे आणि ठिकाणे. पहिली चौकशी मुलाच्या शाळेतच करावी. पर्वरीची संजय स्कूल, ढवळी येथील लोकविश्वास प्रतिष्ठान, जुने गोवे येथील सेंट झेवियर्स अकादमी, डिचोलीचे केशव सेवा साधना अशा संस्थांमुळे गोव्याच्या बहुतेक भागांत विशेष शिक्षण पोहोचले आहे, पण शाळा म्हणजे दिवसभराची देखभाल नव्हे आणि शाळेची वेळ पालकांच्या पाळीनुसार ठरत नाही. तरीही शाळेकडून दोन गोष्टी मिळू शकतात. एक म्हणजे तेथे काम करणाऱ्या मदतनीस बायकांपैकी कोणी दुपारनंतर काम करू इच्छिते का, ही माहिती. ती बाई मुलाला आधीपासून ओळखते, त्याला कसे धरायचे आणि कसे भरवायचे हे तिला शिकवावे लागत नाही, आणि माझ्या अनुभवात याहून चांगली सुरुवात नसते. फक्त शाळेच्या व्यवस्थापनाला सांगून आणि त्यांच्या संमतीनेच हे करावे. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच परिसरातील इतर नोकरदार पालकांची ओळख. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण मला तो मार्ग तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटतो.

नॅशनल ट्रस्ट ही केंद्र सरकारने कायद्याने स्थापन केलेली संस्था आहे. तिच्या योजनांमध्ये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी दिवसाच्या देखभालीची तरतूद आहे. 'दिशा' दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आणि 'विकास' त्यापुढच्या वयासाठी आखली गेली. ट्रस्टच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत संस्थांची यादी राज्यवार असते. त्यातील प्रत्येक संस्थेला फोन करून नेमक्या वेळा, गाडीची सोय, आकडी येणारे मूल घेतात का आणि भरवण्यासाठी माणूस आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. केवळ 'डे केअर आहे' या उत्तरावर थांबू नये.

ज्यांची मुले सहा वर्षांखालील आहेत त्यांच्यासाठी अंगणवाडी आणि पाळणा योजनेतील अंगणवाडी-पाळणाघर हे मार्ग आहेत. दिव्यांग बालकांना अंगणवाडीत कसे सामावून घ्यावे यासाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली आहे, तिचा उल्लेख करून सेविकेशी बोलावे. तुमच्या मुलाचे ते वय उलटून गेले आहे. तसेच ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, अशी तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली. पण ही पाळणाघरे लहान बाळांना डोळ्यांसमोर ठेवून चालतात आणि सात वर्षांच्या, आधाराने बसणाऱ्या मुलाला तेथे ठेवणे सहसा व्यवहार्य नसते. कंपनीकडे मागायचेच असेल तर सामान्य पाळी कायम ठेवणे, शनिवारी सूट देणे किंवा पाळणाघराऐवजी देखभालीचा काही खर्च देणे, अशी लेखी मागणी करावी. मनुष्यबळ विभागाला सहानुभूतीपेक्षा स्पष्ट आणि मर्यादित मागणी लवकर समजते. शनिवारची सूट मिळाली तर तुमचे आठवड्याचे ३७ तास थेट २६ वर येतात, म्हणून इतर कोणत्याही सवलतीआधी तीच मागा.

खासगी पाळणाघरांच्या नकाराबद्दल एवढेच म्हणेन की दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई करतो आणि तक्रारीसाठी राज्य दिव्यांगजन आयुक्तांचे कार्यालय आहे. शाळाप्रवेशाचा नकार असता तर मी तुम्हाला आजच तेथे अर्ज करायला सांगितले असते, कारण ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याच्या कलम ३१ ने दिला आहे. देखभालीचे मात्र वेगळे आहे. ज्या बाईच्या हातून मूल रोज जेवणार आहे, तिला तक्रारीच्या जोरावर तयार करता येत नाही. नकार देणाऱ्यांपैकी एखादी बाई भीतीपोटी नाही म्हणाली असेल, तर तिला शाळेत एक सकाळ बसून मुलाचा दिनक्रम पाहायला बोलवा. आकडीची भीती प्रत्यक्ष पाहिल्यावर आणि काय करायचे हे कळल्यावर पुष्कळ कमी होते.

घरी येणारी बाई शोधण्यासाठी अंगणवाडी सेविका, आरोग्य केंद्रातील परिचारिका, स्वयंसहाय्य गटांच्या प्रमुख आणि वाड्यावरची माणसे हे स्रोत जाहिरातीपेक्षा भरवशाचे आहेत. गोव्यात परराज्यांतून मुली आणून देणारे ब्युरोही आहेत. चोवीस तास राहणारे माणूस हवे असेल तर त्यांच्याकडे जावे लागते, पण तुमची गरज दुपारची आहे आणि मुलगा घरची भाषा ऐकून शांत होतो, म्हणून गावातलीच बाई बरी. ब्युरोकडून माणूस घेतल्यास दलालीची रक्कम, माणूस सोडून गेल्यास बदली किती दिवसांत मिळेल आणि पगाराचा किती भाग प्रत्यक्ष तिच्या हातात पडेल, हे लेखी घ्यावे. ओळखपत्राची प्रत पोलीस ठाण्यात द्यावी. घरात काम करायला आलेली मुलगी स्वतःच अल्पवयीन असेल तर तिला कोणत्याही कारणाने ठेवू नये. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे हा गुन्हा आहे, आणि गोव्यात तर बालकांसाठी २००३ पासून स्वतंत्र कायदा आहे.

बोलणी करताना काहीही झाकू नका. डायपर बदलावा लागतो, भरवायला पाऊण तास लागतो, कधी कधी तो विनाकारण रडतो, आकडी येते, हे सगळे पहिल्याच भेटीत सांगावे. जी बाई हे ऐकून परत जाते, ती पंधरा दिवसांनीही गेलीच असती. तयार झालेल्या बाईला पहिले दोन आठवडे तुम्ही किंवा सासूबाई घरात असताना काम करू द्यावे आणि या काळाचा पूर्ण पगार द्यावा. फिजिओथेरपिस्टच्या एका सत्राला तिला सोबत न्यावे, म्हणजे कंबर न दुखवता कसे उचलायचे हे ती योग्य माणसाकडून शिकेल. भरवताना मुलगा सरळ बसलेला आणि हनुवटी किंचित खाली असलेला हवा. झोपवून किंवा मान मागे टाकून भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाते आणि अशा मुलांना वारंवार होणाऱ्या न्यूमोनियाचे ते एक मोठे कारण आहे. आकडी आल्यावर त्याला कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्यापूर्वी पुन्हा आली तर १०८ ला फोन करायचा आणि डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो त्यांनी सांगितल्याप्रमाणे द्यायचा. हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावावे, बाईला वाचता येत नसेल तर तिच्या फोनवर तुमच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून द्यावे.

ज्या मुलाला घडलेले सांगता येत नाही, त्याच्या सुरक्षेचा विचार आधीच करावा लागतो. सासूबाई घरात आहेत ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. त्यांचे काम आता उचलण्याचे नसून पाहण्याचे आणि दिनक्रम सांभाळण्याचे आहे, आणि बाईला पहिल्या दिवसापासून तसेच सांगितले पाहिजे, म्हणजे दोघींमध्ये अधिकाराचा घोळ होत नाही. संध्याकाळी अंघोळ तुम्ही स्वतः घालावी. त्या निमित्ताने त्याचे सर्वांग रोज नजरेखालून जाते. अंगावरचे व्रण, विशिष्ट माणसाला पाहून ताठरणे, अचानक जेवण तोडणे यांची कारणे शोधावीत. कॅमेरा लावणार असाल तर तो आहे हे बाईला सांगून लावावा. शंका आल्यास बालकांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर मदत मिळते, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, घरातील माणसांसाठीसुद्धा.

खर्चाचा हिशेब मी एका उदाहरणाने मांडते. यातील दर केवळ समजण्यासाठी धरला आहे. तुमच्या गावातला दर विचारून घ्यावा आणि सरकारने जाहीर केलेल्या किमान वेतनाच्या खाली कधीही जाऊ नये. समजा तासाला ८० रुपये ठरले. महिन्याचे १६० तास म्हणजे १२,८०० रुपये. बहुतेक घरे येथेच थांबतात. पण वर्षातून एक पगार चतुर्थीचा म्हणून द्यायचा, तर महिन्याला सुमारे १,०६७ रुपये बाजूला पडले पाहिजेत. शाळेच्या सुट्ट्यांमुळे वर्षाला आणखी २०० तास लागले, तर १६,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १,३३३. खरा मासिक खर्च १५,२०० च्या आसपास येतो, बोललेल्या रकमेपेक्षा जवळजवळ एक पंचमांशाने जास्त. हा फरक आधी ठाऊक नसला की मे महिन्यात पैशांची ओढाताण होते आणि बाईला जादा तासांचे पैसे द्यायला टाळाटाळ सुरू होते. आठवड्याची सुट्टी, तिच्या आजारपणाचे काही भरपगारी दिवस आणि सुट्टीतल्या पूर्ण दिवसाचा दर सुरुवातीलाच ठरवून पगार बँकेत जमा करावा. तुम्हाला ही रक्कम जड वाटेल, पण दर चार महिन्यांनी नवी बाई शिकवणे अधिक महाग पडते आणि त्याची सर्वाधिक झळ मुलाला बसते; प्रत्येक नव्या हाताला सरावेपर्यंत त्याचे खाणे आणि झोप दोन्ही बिघडतात.

आता त्या दुसऱ्या मार्गाकडे वळते. त्याच शाळेत जाणाऱ्या, जवळ राहणाऱ्या आणखी एका मुलाच्या पालकांशी बोलून दोन्ही मुलांची दुपार एकाच घरी ठेवावी. बाईचा दर ८० वरून १२० करावा. तिला महिन्याला १९,२०० मिळतील आणि प्रत्येक कुटुंबाला ९,६०० पडतील. बाईची मिळकत वाढल्यामुळे ती टिकते, मुलांना सोबत मिळते, आणि एका घरी लग्न किंवा आजारपण आले तर दुसरे घर तयार असते. तुमच्याकडे सासूबाई आहेत, म्हणून तुमचे घर या कामाला योग्य आहे. दोन्ही मुलांना उचलावे लागत असेल तर मात्र हा मार्ग धरू नये. एक मूल चालणारे असावे. आणि दोन्ही घरांनी औषधे, आजारपणातील नियम, गाडीभाडे आणि एका मुलाने वर्षाच्या मध्ये सोडल्यास किती महिन्यांची सूचना द्यायची, हे नातेसंबंध गोड असतानाच कागदावर उतरवावे.

सरकारी मदतीचा पाया म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे देशभर चालणारे ओळखपत्र. नोंदणी स्वावलंबन पोर्टलवर होते आणि तपासणी सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडे. लहान वयात मिळालेले प्रमाणपत्र अनेकदा ठराविक मुदतीचे असते. त्यावरची मुदत आजच तपासा, कारण ते संपले की त्यावर उभी असलेली प्रत्येक मदत अडते. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून समाजकल्याण खाते दिव्यांगांना दरमहा अर्थसाहाय्य देते. रक्कम दिव्यांगत्वाच्या प्रमाणानुसार बदलते आणि वेळोवेळी सुधारली जाते, म्हणून खात्याच्या कार्यालयातून चालू दर लेखी घ्यावा. अर्जासोबत गोव्यातील वास्तव्याचा पुरावा लागतो आणि त्यासाठी मामलेदार कार्यालयात खेप घालावी लागते. मुलाच्या नावाचे बँक खाते आधी उघडून ठेवा. सांभाळणाऱ्या बाईचा पूर्ण पगार या मदतीतून निघणार नाही. मी या रकमेकडे वर सांगितलेल्या सुट्ट्यांच्या राखीव निधीसाठी पाहते, कारण ती दरमहा वेगळी ठेवली की मे महिना आणि चतुर्थी निभावतात.

नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना तुमच्या मुलाला लागू आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, वैद्यकीय तपासणीची पूर्वअट नाही, आणि दारिद्र्यरेषेवरील कुटुंबासाठी नोंदणीचे शुल्क ५०० रुपये, रेषेखालील कुटुंबासाठी २५०. यात ठराविक उपमर्यादेत बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपी येतात. बाईचा पगार यात बसत नाही, पण थेरपीवर आज खिशातून जाणारे पैसे परत मिळाले तर ते पगाराकडे वळवता येतात. प्रत्येक पावतीवर मुलाचे नाव, तारीख आणि थेरपिस्टची सही-शिक्का आहे याची खात्री करावी. दावे बहुतेक वेळा याच बारीक कारणांवर अडतात. मुदत आर्थिक वर्षाची असल्याने नूतनीकरण मार्चपूर्वी करावे. राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे, ती वेगळी ठेवावी.

प्राप्तिकराबद्दल पालकांना अर्धवट माहिती दिली जाते. १९६१ च्या कायद्यातील कलम ८० डीडी या नावाने ओळखली जाणारी वजावट ४० टक्क्यांपासून पुढील दिव्यांगत्वासाठी ७५,००० रुपये आणि ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० रुपये आहे. प्रत्यक्ष खर्च किती झाला हे पाहिले जात नाही. २० टक्क्यांच्या टप्प्यात ७५,००० च्या वजावटीने उपकरासह १५,६०० रुपये वाचतात. परंतु ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत धरून कर शून्य होतो. तुमचे उत्पन्न त्या मर्यादेत असेल तर केवळ या वजावटीसाठी जुनी प्रणाली निवडण्यात लाभ नाही. त्याहून अधिक उत्पन्न असल्यास दोन्ही गणिते करून पाहावीत. गोव्यात एक मुद्दा वारंवार सुटतो: ही वजावट भारतातील रहिवासी करदात्यालाच मिळते. परदेशी बोटीवर वर्षाचा मोठा भाग काढणारे वडील करासाठी अनिवासी ठरले, तर त्यांना ती घेता येत नाही. ती आईच्या विवरणपत्रात घ्यावी लागते, आणि सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नतेसाठी विहित वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडून ठरवून दिलेला फॉर्म (१९६१ च्या कायद्याखाली १०-आयए) भरून घ्यावा लागतो.

तुम्ही खासगी नोकरीत आहात, तरी हे वाचणाऱ्या सरकारी नोकरीतील पालकांसाठी दोन ओळी लिहिते. केंद्रीय रजा नियमांतील ४३-सी नुसार मिळणारी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी वयोमर्यादेशिवाय घेता येते. पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण आणि पुढील ३६५ दिवसांना ८० टक्के वेतन मिळते. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका दिव्यांग मुलाच्या आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांचा नोकरीतील सहभाग ही मेहेरबानी नसून घटनात्मक हक्क असल्याचे सांगितले. दिव्यांग अपत्याची मुख्य देखभाल करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते. राज्य सेवेत असल्यास आपल्या खात्याच्या प्रशासन शाखेकडून लागू असलेला आदेश लेखी मागून घ्यावा.

मुलगा अठरा वर्षांचा होण्यास अवकाश आहे, पण एक नोंद आताच करून ठेवण्यासारखी आहे. सज्ञान झाल्यावर आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. त्याच्या गरजेनुसार नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. फोंडा तालुका दक्षिण गोव्यात असल्याने तुमची समिती मडगावची. दरम्यान भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनाच्या नोंदीत मुलाचे नाव आणि त्याचे दिव्यांगत्व नोंदवलेले आहे का, हे कंपनीत विचारा, कारण पूर्णतः आणि कायमच्या दिव्यांग अपत्याला तेथे आजन्म निवृत्तिवेतनाची तरतूद आहे.

सुरुवातीची वेळ मुलाच्या वडिलांच्या सुट्टीवरून ठरवा. ते बोटीवरून घरी येतील त्या आठवड्यात आधी खुर्ची आणि खाट बसवून घ्या, त्यानंतर बाईला कामावर बोलवा, आणि पहिले दोन आठवडे उचलण्याच्या वेळी त्यांनी तिच्यासोबत उभे राहावे. ते पुन्हा बोटीवर जाण्यापूर्वी एक दिवस तुम्ही कामावर, ते घराबाहेर आणि सासूबाई व बाई मुलासोबत, असा पूर्ण दिवस काढून पाहा. त्या दिवशी जे अडेल त्याची व्यवस्था करायला त्यांच्या हाताशी अजून काही दिवस असतील.